'लोलिता' अर्ध्यावर थांबले आहे. पुढे वाचावी का, आणि कशी?

अनुजा_सांगली

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या बैठकीला व्लादिमीर नाबोकोव्हची 'लोलिता' ठरली आहे. मी इंग्रजीतून वाचते आहे. पहिला भाग संपला आणि पुस्तक मिटून ठेवलं, ते अजून उघडलेलं नाही. ज्यांनी ते शेवटपर्यंत वाचलंय त्यांच्याशी बोलल्याशिवाय उघडावंसंही वाटत नाही, म्हणून हा धागा.

मी शाळेत समुपदेशक आहे. पाचवी ते दहावीची मुलं-मुली माझ्याकडे येतात. त्यांचं काहीही इथे लिहिणार नाही, ते माझ्याकडेच राहील. पण ज्या वयाच्या मुलीवर ही कादंबरी उभी आहे त्या वयाच्या मुली मी रोज बघते. बारा वर्षांची म्हणजे सातवीतली. मैत्रिणीने अबोला धरला म्हणून मधल्या सुट्टीत डबा न उघडणारी. दप्तराच्या चेनला चार-चार कीचेन अडकवणारी. कादंबरी वाचताना हा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हम्बर्ट नावाचा सुशिक्षित युरोपियन माणूस १९४७ साली अमेरिकेतल्या रॅम्सडेल गावात शार्लट हेझ या विधवेच्या घरी भाड्याने राहायला येतो. तिच्या मुलीवर, डोलोरेसवर (शाळेत डॉली, हम्बर्टच्या तोंडी लोलिता), त्याची नजर आहे. मुलगी हाताशी राहावी म्हणून तो आईशी लग्न करतो. आईला त्याची डायरी सापडते. ती संतापाने पत्रं लिहिते, टपालात टाकायला रस्ता ओलांडते आणि मोटारीखाली येते. मुलगी तेव्हा उन्हाळी शिबिरात असते. आई आजारी आहे, इस्पितळात आहे, असं सांगून हा तिला तिथून बाहेर काढतो आणि हॉटेलात घेऊन जातो. हे सगळं सांगतो तोच, कैदेत बसून, ज्युरीला उद्देशून.

माझी अडचण अशी. भाषा विलक्षण आहे. काही वाक्यांपाशी मी थांबून पुन्हा वाचलं, इतकी ती देखणी आहेत. आणि त्या देखण्या वाक्यात चाललंय काय, तर एका पोरीला सगळ्या बाजूंनी कोंडीत पकडणं. आम्हाला प्रशिक्षणात जे टप्पे शिकवतात ते इथे ओळीने दिसतात. आधी घरातल्या मोठ्या माणसाचा विश्वास मिळवायचा. मग मुलीला बाकीच्यांपासून तोडायचं. मग भेटवस्तू, मग 'हे आपल्या दोघांतलं', मग धाक. पोक्सो कायदा आपल्याकडे २०१२ साली आला. ही कादंबरी १९५५ ची आहे आणि त्यात एकही टप्पा सुटलेला नाही.

पहिल्या भागाच्या शेवटी एक यादी आहे. आई गेली हे तिला कळल्यानंतर वाटेतल्या एका गावात हा तिच्यासाठी खरेदी करतो: कॉमिक्सची पुस्तकं, खाऊचा डबा, सॅनिटरी पॅडचं खोकं, दोन कोक, टेनिसची रॅकेट, पांढऱ्या बुटांचे स्केट्स, दुर्बीण, छोटा रेडिओ, पारदर्शक रेनकोट, गॉगल. मग दोन वाक्यांत भाग संपतो. हॉटेलात दोघांच्या खोल्या वेगळ्या होत्या, पण मध्यरात्री ती हुंदके देत त्याच्या खोलीत आली, कारण तिला जायला दुसरी जागाच नव्हती. मी तिथे थांबले.

माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर शाळकरी मुलीचे पाय आहेत आणि वर कुठल्याशा मासिकाचा शेरा छापलाय, की ही आपल्या शतकातली एकमेव पटण्याजोगी प्रेमकथा. प्रेमकथा!

तर विचारायचं हे आहे. पुढे वाचावी का? वाचावी तर कशी? आणि अशा भाषेचा आनंद होणं म्हणजे त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसणं आहे का?

पाऊलवाट

अनुजाताई, मी साठेक पानांवर सोडली आणि पुन्हा हातात घेणार नाही. कारण माझ्या लहानपणाशी जोडलेलं आहे, तेवढं पुरे. जगातल्या शंभर श्रेष्ठ कादंबऱ्यांत ती आहे म्हणून मी ती वाचावी असं मला कुणी सांगू नये.

तुमच्या कट्ट्यावर बाकीच्या जणींचाही विचार करा. दहा बायका एकत्र बसल्या की त्यातली एखादी तरी माझ्यासारखी असणार, आणि ती चारचौघांत तसं म्हणणार नाही. 'वेळ झाला नाही' म्हणेल आणि येणार नाही. तिला आधीच कळू द्या, की हे पुस्तक न वाचता आलं तरी चालेल, कारण द्यावं लागणार नाही.

तुम्ही वाचू शकत असाल तर जरूर वाचा. त्या मुलीच्या बाजूने वाचणारं कुणीतरी हवंच.

निवृत्त_मास्तर

अनुजाताई, अमरावतीकडच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. ही कादंबरी अभ्यासक्रमात नव्हती, पण एम.ए.ची मुलं दरवर्षी तिच्याबद्दल विचारायला यायची. त्यांना जे सांगायचो तेच सविस्तर लिहितो. पुढचं कथानक त्यात येईल. या पुस्तकाचं त्याने काही बिघडत नाही, उलट नजर तयार होते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. न. चिं. केळकरांनी वाङ्मयाच्या आनंदाला 'सविकल्प समाधी' म्हटलं होतं. वाचक दुसऱ्याच्या मनात शिरतो, त्याच्याशी एकरूप होतो, पण आपण कोण याचं भान सुटू देत नाही. हम्बर्टला वाचकाचं नेमकं तेच भान नको आहे. 'ज्युरीतल्या सभ्य स्त्रीपुरुषहो' असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो, फ्रेंच पेरतो, दान्ते आणि पो यांचे दाखले देतो, स्वतःला वेडा म्हणतो, बिचारा म्हणतो. एवढी सगळी तयारी आपल्यासाठी आहे. खुनी माणसाची भाषा नटवीच असायची, असं तो पहिल्याच पानावर सांगूनही टाकतो. तेव्हा भाषेचा आनंद होणं म्हणजे त्याच्या बाजूला जाणं नव्हे. आनंद होतोय आणि तरी भान सुटलेलं नाही, ही अवस्था तुमची झालेली आहे. डोळ्यांसमोरून सातवीतली मुलगी हलत नाही म्हणालात ना, तीच ती अवस्था.

आता वाचायचं कसं. मी मुलांना एक साधा उद्योग लावायचो. वही घ्या आणि त्यात फक्त ती मुलगी काय करते आणि काय बोलते एवढंच उतरवा. त्याचं एकही विशेषण घेऊ नका. तिला काय वाटलं असेल याबद्दलचा त्याचा एकही तर्क घेऊ नका. पन्नास पानांत वही वेगळंच पुस्तक सांगायला लागते.

तुम्ही वाचलेल्या भागातलंच उदाहरण बघा. हॉटेल सोडल्यावर गाडीत ती म्हणते, की पोलिसांना फोन करून सांगायला हवं, तू माझ्यावर बलात्कार केलास. बारा वर्षांच्या मुलीने गुन्ह्याचं नाव घेऊन गुन्हा सांगितला आहे. हम्बर्ट लगेच बाजूने आपल्याला विचारत बसतो, की ती गंमत करत होती की काय. घाईत वाचणारा त्या विचारण्यात अडकतो आणि तिचं वाक्य मागे राहतं. दुसऱ्या भागात त्या हॉटेलचं नाव आठवेना म्हणून विचारताना ती पुन्हा तेच क्रियापद वापरते, अगदी सहज. तिथे पेन्सिलने खूण करा.

दुसऱ्या भागात पैशांचा एक भाग येतो. तो तिला आठवड्याचे पैसे देतो आणि ती ते साठवते आहे का यावर पाळत ठेवतो, कारण साठवले तर ती पळून जाईल. एकदा तिच्या एका पुस्तकात त्याला एकेक डॉलरच्या आठ नोटा सापडतात. पुस्तक 'ट्रेझर आयलंड'. दुसऱ्या वेळी भिंतीवरच्या चित्रामागच्या भोकात चोवीस डॉलर आणि वर थोडी चिल्लर. तो हे आपल्याला गमतीच्या सुरात सांगतो. सूर बाजूला ठेवला की काय उरतं? घर नसलेली एक मुलगी पळून जाण्यासाठी पै-पै लपवते आहे आणि ती पै-पैही काढून घेतली जाते आहे. तसंच वर्षभराच्या मोटार प्रवासाचं. नकाशे, मोटेलं, डोंगरदऱ्या यांचं लांबलचक वर्णन होतं आणि त्याच्या शेवटाला, वाक्याच्या शेपटीला, येतं की रोज रात्री, रोज रात्री, तो झोपल्याचं सोंग घ्यायचा तेव्हा ती हुंदके द्यायची.

आणि प्रस्तावना. जॉन रे नावाच्या एका काल्पनिक विद्वानाच्या नावाने ती लिहिलेली आहे आणि बहुतेक लोक ती भरभर उलटतात. तिच्यात सांगितलंय, की श्रीमती रिचर्ड एफ. शिलर १९५२ च्या नाताळच्या दिवशी बाळंतपणात वारल्या, मूल मृतच जन्मलं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही बाई कोण हे कळायला मार्गच नाही. ती डोलोरेस आहे. कथा सुरू होण्याआधीच तिचा मृत्यू सांगून झालेला असतो, लग्नानंतरच्या नावाने, एका ओळीत, आणि आपण पान उलटतो. पुस्तक संपलं की परत त्या ओळीवर या.

सलील_ठाणे

मास्तर, तुमचं वाचन मला पटतं. पण एक गोष्ट टोचते ती मोकळेपणाने लिहितो. तुम्ही म्हणता तसं काळजीपूर्वक वाचणारे किती? पुस्तकाबाहेर जगात काय पोचलं ते बघा ना. १९६२ च्या चित्रपटाच्या जाहिरातीत हृदयाच्या आकाराचा गॉगल आणि लॉलीपॉप. त्या मुलीचं नाव म्हणजे मोठ्या माणसांना नादी लावणारी पोर, असा अर्थ शब्दकोशात जाऊन बसला. ताईंच्या प्रतीवरचे पाय आणि 'प्रेमकथा' हा शेरा त्याच ओळीतले. सगळं पुस्तक जर त्याच्याच आवाजात असेल आणि जगाने त्याचाच आवाज उचलला असेल, तर लेखकाची काहीच जबाबदारी नाही का? दोन मुली आहेत मला. त्यांनी उद्या हे पुस्तक उचललं तर त्यांच्या हाती आधी काय लागेल याची मला खरोखर काळजी वाटते.

निवृत्त_मास्तर

सलील, काळजी रास्त आहे. मुखपृष्ठाबद्दल एक सांगतो. १९५८ मध्ये अमेरिकन आवृत्ती निघायची होती तेव्हा नाबोकोव्हने प्रकाशकाला लिहून कळवलं होतं, की काहीही छापा पण लहान मुलीचं चित्र कुठल्याही रूपात नको. पुढच्या प्रकाशकांनी आणि सिनेमावाल्यांनी ते पाळलं नाही. त्याची पत्नी व्हेरा हिने तेव्हाच डायरीत खंत लिहून ठेवली, की त्या मुलीचं असहाय असणं आणि तिचं धैर्य कुणा समीक्षकाच्या लक्षात का येत नाही. म्हणजे चुकीचं वाचन पहिल्या दिवसापासून चालू होतं आणि घरात ते खुपत होतं.

तरी तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर याने मिळत नाही, हे मला मान्य आहे. नाबोकोव्ह स्वतः आपल्या पुस्तकाला कसलाही बोध जोडायला तयार नव्हता, तसं त्याने १९५६ च्या लेखात स्वच्छ लिहिलं आहे. त्याने वाचकावर फार मोठा भार टाकला. तो भार पेलणारा वाचक घडवणं हे शिक्षकाचं काम, असं मी मानत आलो. मुलींनी उचललंच तर त्यांच्यासोबत तुम्हीही वाचा.

मेघना_न्यूजर्सी

मी कॅम्डेनच्या अगदी जवळ राहते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. या गावातल्या एका खऱ्या मुलीचं नाव त्या कादंबरीत आहे.

सॅली हॉर्नर, वय अकरा. १९४८ मध्ये मैत्रिणींच्या टोळक्यात शिरायचं म्हणून तिने कॅम्डेनच्या वूलवर्थ दुकानातून पाच सेंटची एक वही उचलली. बाहेर एका माणसाने तिला धरलं, मी एफबीआयचा आहे म्हणाला. तो फ्रँक लासाल, आधीच शिक्षा भोगून सुटलेला. काही महिन्यांनी त्याने तिला गाठून आईला काय थाप मारायची ते पढवलं: मैत्रिणींच्या वडिलांबरोबर अटलांटिक सिटीला सुट्टीला चालले आहे. आईने विश्वासाने पाठवलं. मग बाल्टिमोर, डॅलस, शेवटी कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. एकवीस महिने. सगळीकडे बाप-लेक म्हणून. सगळीकडे ती शाळेतही जात होती!

सुटली कशी? शेजारी राहणाऱ्या एका बाईला संशय आला. तिने सॅलीला एकटीला बोलावून धीर देऊन विचारलं आणि फोन हातात दिला. सॅलीने बहिणीच्या घरी फोन लावला. ही १९५० च्या मार्चमधली गोष्ट. घरी आल्यावर शाळेत तिलाच नावं ठेवली गेली. १९५२ च्या ऑगस्टमध्ये मोटार अपघातात ती गेली, पंधरा वर्षांची.

'लोलिता'च्या शेवटाकडे हम्बर्ट एका कंसात विचारतो, की फ्रँक लासालने सॅली हॉर्नरचं जे केलं तेच मी डॉलीचं केलं का. इतकं उघड लिहिलेलं असूनही कितीतरी वर्षं वाचक त्या कंसावरून पुढे गेले. सारा वाइनमन यांनी २०१८ मध्ये सॅलीवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते आमच्या इथल्या लायब्ररीत मिळालं. अनुजाताई, तुमच्या कामाच्या दृष्टीने मी तर म्हणेन ते आधी वाचा. त्यात मुलीला स्वतःचं नाव, आई, बहीण, शाळा सगळं आहे.

गिरगावचा_वकील

मुंबईचा या पुस्तकाशी आलेला संबंध इथे नोंदवून ठेवतो. १९५९ मध्ये जयको या प्रकाशन कंपनीने मागवलेल्या 'लोलिता'च्या प्रती मुंबईच्या कस्टमने अडवल्या. 'करंट' साप्ताहिकाचे संपादक डी. एफ. कराका यांनी अर्थमंत्री मोरारजी देसाईंना पत्र लिहून बंदीची मागणी केली. मोरारजीभाईंचंही मत पुस्तकाच्या विरोधातच होतं. प्रकरण नेहरूंपर्यंत गेलं आणि पुस्तक सुटलं.

त्याच सुमाराला मुंबईच्या हॅपी बुक स्टॉलचे रणजित उदेशी यांच्यावर 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल दंड संहितेच्या कलम २९२ खाली, म्हणजे अश्लीलतेच्या कलमाखाली, खटला झाला आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'चा खटला १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकावरून उभा राहिला. ते सुटले १९६९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातच.

मला यात लक्षात घेण्यासारखं वाटतं ते हे. चॅटर्लीची कथा दोन सज्ञान माणसांची, दोघांच्या राजीखुशीची. तिला शिक्षा झाली. 'लोलिता'त एका बालिकेवर दोन वर्षं अत्याचार होतात आणि सबंध पुस्तकात एक अपशब्द सापडत नाही. अश्लीलतेचा कायदा शब्द मोजतो, वाचणाऱ्याचं मन बिघडेल का ते बघतो. पुस्तकातल्या मुलीचं काय झालं हा प्रश्न त्या कायद्याला पडतच नाही. कराकांच्या बाजूने असोत की विरोधात, तेव्हा भांडणाऱ्यांना तरी तो किती पडला होता कोण जाणे. आज तो अनुजाताईंना सर्वांत आधी पडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अनुजा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण वाचलं. मास्तरांनी सांगितलेली वही केली, तिच्यामुळेच पार पडलं.

दुसऱ्या भागात सगळ्यांत जास्त वेळ मी एका अशा प्रसंगापाशी होते, ज्याचा उल्लेख इथे कुणी केला नाही. बियर्डस्ली गावात हम्बर्ट तिला मुलींच्या शाळेत घालतो. एक दिवस मुख्याध्यापिका मिस प्रॅट त्याला भेटायला बोलावतात. त्यांच्याजवळ शिक्षिकांचे शेरे आहेत. मुलगी वर्गात अस्वस्थ असते, उसासे टाकते, च्युइंगम चघळत राहते, नाराज आहे, काही सांगत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. सगळ्या खुणा अचूक टिपलेल्या. आणि निष्कर्ष काय, तर घरी वडील फार कडक आहेत, मुलीला लैंगिक गोष्टींची काहीच माहिती दिलेली दिसत नाही, तिला मुलांमध्ये मिसळू द्या, नाटकात काम करू द्या. हा सल्ला समोर बसलेल्या त्याच माणसाला!

मी ते प्रकरण लागोपाठ दोनदा वाचलं. पालकांना बोलावून घेणं, शेरे वाचून दाखवणं, समजुतीच्या सुरात सल्ला देणं, हे माझं रोजचं काम आहे. मिस प्रॅट दुष्ट नाहीत. त्यांना मुलीची काळजीही आहे. त्यांनी फक्त एक केलं नाही. दार लावून त्या मुलीशी एकटीशी बोलल्या नाहीत. मेघना, तुम्ही लिहिलेली सॅन होजेची शेजारीण आणि या मिस प्रॅट यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि त्या फरकाने सॅली घरी पोचली. आमच्याकडे आधी मुलाशी एकट्याने बोलायचं आणि मगच पालकांना बोलवायचं अशी माझी पद्धत आहे. ती सगळ्या वर्गशिक्षकांनी पाळावी म्हणून यंदा मुख्याध्यापकांशी बोलणार आहे. कायद्याने संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, १०९८ हा नंबर भिंतीवर लावलेला आहे. पण कळवायचं ते आधी कुणाला तरी दिसावं लागतं.

सलील, तिला आवाज आहे की नाही यावर मी वहीच्या आधारे लिहिते. शेवटाकडे ती सतरा वर्षांची आहे, लग्न झालंय, दिवस भरत आलेत. कोलमाँट नावाच्या कळकट गावात राहते. नवरा डिक, चांगला मुलगा, युद्धात ऐकू येणं कमी झालेला. अलास्काला नोकरीसाठी जायला पैसे नाहीत म्हणून ती हम्बर्टला पत्र लिहिते, 'डियर डॅड' असा मायना घालून. तीन-चारशे डॉलर मागते. हम्बर्ट येतो तो माझ्याबरोबर चल म्हणायला. ती नाही म्हणते. आवाज न चढवता, त्याला न दुखवता, नाही म्हणते. मग तो चारशे रोख आणि तीन हजार सहाशेचा चेक देतो.

त्याच प्रसंगात एक वाक्य आहे जे इंटरनेटवर तिच्या नावाने सगळीकडे फिरतं: त्याने (क्विल्टीने, ज्याच्याबरोबर ती पळाली) माझं हृदय मोडलं, तू फक्त माझं आयुष्य मोडलंस. मी ते वहीत उतरवायला गेले आणि पुन्हा वाचलं तर ते ती बोलतच नाही. ती शब्द शोधत असते आणि हम्बर्ट मनातल्या मनात ते पुरवतो, कंसात. तिचं सर्वांत गाजलेलं वाक्यही त्याने रचलेलं. त्यामुळे वहीत त्या जागी मी एवढंच लिहिलं, की ती शब्द शोधत होती. तिचं जे खरोखर तिचं आहे ते फार थोडं आहे: गाडीतलं ते वाक्य, 'ट्रेझर आयलंड'मधल्या आठ नोटा, इस्पितळातून निसटणं, हे पत्र, आणि ते 'नाही'. ज्याच्याबरोबर निसटली तो क्विल्टीही तसलाच निघाला आणि त्याने सांगितलेलं करायला नकार दिला म्हणून त्याने तिला घालवून दिलं. म्हणजे तिथेही ती नाहीच म्हणाली होती. लेखकाची जबाबदारी यावर तुमचं-मास्तरांचं बोलणं चालू राहू दे, मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मी स्वतः ही कादंबरी सज्ञान होण्याआधी कुणाच्या हातात देणार नाही. त्यानंतर द्यायची झाली तर वहीसकट देईन.

पाऊलवाट, तुमचं म्हणणं मी शब्दशः पाळलं. कट्ट्याच्या ग्रुपवर निरोप टाकला, की पुस्तकात बालिकेवरचे अत्याचार आहेत, वाचायची नसेल त्यांनी काहीही न कळवता त्या दिवशी सुट्टी घ्यावी, आणि पर्याय म्हणून सॅलीवरचं पुस्तक सुचवलं. दोघींनी तेच निवडलं. का ते कुणी विचारणार नाही, हेही त्याच निरोपात आहे. तुम्ही लिहिलंत म्हणून हे झालं.

बैठकीत मी मिस प्रॅटचं प्रकरण मोठ्याने वाचणार आहे, कारण आमच्यात तिघी शिक्षिका आहेत. पहिल्या भागातलं काहीही मोठ्याने वाचायचं नाही असं ठरवलंय. प्रतीला खाकी कव्हर घातलं.

वकीलकाका, कराका आणि मोरारजींच्या प्रकरणावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. कस्टमने अडवलेलं पुस्तक मग दुकानात कसं आणि कुठे विकलं गेलं, आणि तेव्हा मराठीत कुणी त्यावर काही लिहिलं का, हे वाचायची फार इच्छा आहे.